बोस्टनच्या २६ इनिंग आणि आपली चार दिवसांची कसोटी

कसोटी चार दिवसांची करा, अनिर्णित सामन्यांचा कंटाळा आलाय, ही ओरड पुण्यातल्या मित्रांनी पुन्हा सुरू केलीय. वर दाखला अमेरिकेचा: "तुमच्याकडे बघ, बेसबॉलवाले निकाल लावल्याशिवाय घरी जात नाहीत." मी बोस्टनमध्ये राहतो म्हणून साक्षीला मला उभं करतात. तर घ्या साक्ष.

१ मे १९२०. इथल्या ब्रेव्हज फील्डवर बोस्टन ब्रेव्हज विरुद्ध ब्रुकलिन रॉबिन्स. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा, एका इनिंगमध्ये दोन्ही संघांची एकेकदा फलंदाजी; बरोबरी झाली की एकेक इनिंग वाढत जाते. पाचव्या इनिंगमध्ये ब्रुकलिनची एक धाव, सहाव्यात बोस्टनची एक. पुढच्या २० इनिंगमध्ये कोणालाच काही जमलं नाही. ब्रुकलिनचा लिऑन कडोर आणि बोस्टनचा जो ओश्गर, दोघेच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, दोघेही २६ इनिंग एकहाती. मैदानावर दिवे नव्हते. अंधारून आलं तेव्हा पंच बॅरी मॅकॉर्मिक यांनी खेळ थांबवला. ब्रुकलिनचा आयव्ही ओल्सन तरीही आणखी एक इनिंग मागत होता. २७ झाल्या की एका दिवसात तीन सामने खेळलो असं सांगता आलं असतं ना! निकाल १-१. इनिंगच्या हिशेबात मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा, सर्वांत लांब सामना आजही हाच, आणि तो कोणीच जिंकलेला नाही.

ओश्गरनं सलग २१ इनिंग एकही धाव दिली नाही. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली, तो आकडाही हाच. पण समोरचे फलंदाज तेव्हा नुसते खेळून काढत होते, आणि कसोटीही अनिर्णित राहिली. असल्या क्रिकेटला कोणी कंटाळलं तर मी त्याला दोष देणार नाही. बोस्टनला मात्र दोन्ही संघ शेवटपर्यंत जिंकायलाच खेळत होते. दोन्ही सामन्यांवर 'अनिर्णित' हाच शिक्का बसतो, आणि घरच्या वादात नेमकं हेच कोणी बघत नाही.

आता वेळेचं बघा. त्या २६ इनिंग ३ तास ५० मिनिटांत आटोपल्या. २०२१ साली नुसत्या नऊ इनिंगला सरासरी ३ तास १० मिनिटं लागत होती. खेळ लांबला नव्हता, रेंगाळला होता. २०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणारं घड्याळ लावलं आणि सरासरी अडीच-पावणेतीन तासांच्या मध्ये आली. कसोटीचं दुखणंही तेच. दिवसाला ९० षटकं पूर्ण करताना संध्याकाळ होते, आणि चार दिवसांच्या कसोटीत म्हणे ९८ टाकायची! आता षटकांच्या मध्ये ६० सेकंदांचं घड्याळ आलंय. ते आधी कडकपणे चालवा, दिवस कापायचं नंतर बघू.

अमेरिकेनं निकालाच्या घाईपोटी दुसराही एक उपाय केला. २०२० पासून जादा इनिंगची सुरुवातच दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, आयता धावपटू उभा करून होते. हा नियम मला मुळीच पटत नाही. न कमावलेल्या धावपटूवर सामना जिंकायचा म्हणजे काय? मित्रांना भुरळ पडलीय ती बहुधा याचीच.

पण हा नियम फक्त साखळी सामन्यांपुरता आहे. बाद फेरीत तो लागू नाही. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना १८ इनिंग चालला, आयत्या धावपटूशिवाय, आणि तो जिंकला लॉस एंजेलिस डॉजर्सनी, म्हणजे त्याच ब्रुकलिनच्या संघाच्या वारसांनी. तेव्हा अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर पुरता द्या.