शाळेचा ठराव पास करायचाय? मग शाळेचं नाव काढू नका

गावातल्या मराठी शाळेच्या दोन खोल्या धोकादायक म्हणून कुलूपबंद आहेत, पहिली-दुसरीची पोरं व्हरांड्यात पाठीला पाठ लावून बसतात आणि नव्या इमारतीसाठी तुम्हाला ग्रामसभेत ठराव करून घ्यायचाय. उत्तम. फक्त सभेत उठून पोरांच्या शिक्षणावर बोलू नका. तेवढ्यानं कोल्हापूर भागात कुणाचा हात वर गेल्याचं ऐकिवात नाही.

आधी माणसं. कायद्याला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल ते लागतं. फुटबॉलच्या सामन्याला एवढी माणसं नुसती कठड्यावर बसतात, पण ग्रामसभेदिवशी नेमकी सगळ्यांच्या उसाला पाण्याची पाळी येते. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, म्हणून जाणती मंडळी थेट तिलाच येतात. तुम्हीही पहिल्या सभेला घसा कोरडा करू नका.

त्याआधी महिला सभा होईल. तिथं तुमचा विषय पाच मिनिटांत मंजूर होईल, कारण व्हरांड्यातली पोरं कुणाची हे तिथं बसलेल्या बायकांना माहीत असतं. हुरळून जाऊ नका. ती शिफारस मुख्य सभेत वाचायला घेतली की माइक बंद पडतो.

आता मुख्य काम, आणि ते सभेत नाही, पारावर करायचं. स्वागत कमानीला, तालमीच्या दुसऱ्या मजल्याला, गणपतीच्या डॉल्बीला आपल्याकडं कधी कुणी ‘पैसे कुठनं आणायचे’ विचारलंय का? तेव्हा शाळा मागू नका. ‘शेजारच्या गावानं स्लॅबची शाळा बांधली म्हणं’ एवढंच सोडा, चहा संपवा आणि उठा. दिवेलागणीपर्यंत ‘त्यास्नी जमतंय आणि आपल्याला जमंना व्हय?’ सुरू होईल. रात्री जेवणं उरकेपर्यंत शाळा दोन मजली झालेली असेल, पुढं कमानीसकट. कमानीला विरोध करू नका. कमानीच्या पोटात घालूनच शाळा न्यायची आहे.

खरा अडथळा म्हणजे ज्यांची पोरं सकाळी पिवळ्या गाडीतून इंग्लिश मीडियमला जातात ते बाप. ‘शाळंला पट कुठाय?’ असं ते विचारतील. पट नाही कारण पोरं गाडीत, आणि पोरं गाडीत कारण खोल्या पडक्या, हे समजावत बसलात तर आमटी गार होईल. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे, हा शिक्षण हक्क कायद्यातला नियम तर चुकूनही काढू नका. लगेच उत्तर येतं, ‘मग सरकारनं बांधावी की.’ आणि सरकारी टेबलावर विचारलं तर म्हणतात, ठराव आणा.

शाहू महाराजांचं नाव जरूर घ्या. २६ जूनला हार घालून हात सरावलेले असतात, टाळ्या आपसूक पडतात. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, इथं थांबा. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता, हे पुढचं वाक्य गिळा. त्यावर टाळ्या पडत नाहीत, लोक चपला शोधायला लागतात.

पैशाचं म्हणाल तर थोडा वित्त आयोगाचा अबंधित (म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला) निधी, थोडं जिल्हा परिषदेकडून, उरलेली लोकवर्गणी. वर्गणीदार वस्तूच देईल आणि त्यावर नाव घालेल. पंख्याच्या तीन पात्यांवर आजोबा, वडील आणि स्वतः. पंखा फिरला की तिघंही दिसत नाहीत, म्हणून दाते शाळेत आले की पंखा बंद ठेवायचा, हे गुरुजींना आधीच सांगून ठेवा.

सूचक एका गटाचा घ्या, अनुमोदक दुसऱ्या गटाचा. कोनशिलेवर दोघांनाही वरचं नाव हवं असणार, तर कोनशिला गोल करा. नारळ दोन आणा, एकाच वेळी फोडा.

आणि हात वर गेले की घरी पळू नका. सह्या आधी, ठराव मागून, ही आपली जुनी रीत आहे. प्रोसिडिंग बुकात ठराव लिहून होईपर्यंत ग्रामसेवकाच्या (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) शेजारची खुर्ची सोडू नका. सह्यांच्या वर चार बोटं कोरी जागा राहिली, तर महिन्याभरात तिथं हायमास्ट दिवा उगवतो.