‘स्विच परत जोडला की फ्लो टेबल पुसा’ हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका

नेटवर्किंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एसडीएन कंट्रोलर लिहिताय? हे पाच नियम पाठ करा.’ (एसडीएन म्हणजे अनेक स्विच एका प्रोग्रामने, म्हणजे कंट्रोलरने, हाकण्याची पद्धत. कोणतं पॅकेट कुठे पाठवायचं याचे कंट्रोलरने दिलेले नियम स्विच आपल्या फ्लो टेबलात ठेवतो.) नियम थोडक्यात असे. कंट्रोलर पडला की नेटवर्क पडतं. स्विच परत जोडला गेला की त्याचं फ्लो टेबल पुसून कोऱ्या पाटीवर सुरुवात करा. टीसीपी जोडणी उघडी आहे म्हणजे स्विच जिवंत आहे. फ्लो-मॉड (नियम घालण्या-बदलण्याचा संदेश) पाठवला म्हणजे नियम बसला. दोन कंट्रोलर ठेवले की काळजी मिटली.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने यातला दुसरा नियम जसाच्या तसा प्रोजेक्टमध्ये उतरवला आणि ‘मामा, बघ ना, कोड किती सुटसुटीत झाला’ म्हणून मला पाठवला. उद्या हीच मुलं खरी नेटवर्कं चालवणार आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिला नियम आधी उरकतो. जोडणी तुटल्यावर स्विचने काय करायचं, यावर ओपनफ्लो या कंट्रोलर-स्विच संवादाच्या प्रोटोकॉलच्या १.३ स्पेसिफिकेशनमध्ये स्वतंत्र भाग आहे. पानभरसुद्धा नाही. त्यात दोन पर्याय दिलेत. ‘फेल सिक्युअर’मध्ये कंट्रोलरकडे जाणारी पॅकेट्स तेवढी टाकून दिली जातात, टेबलातले नियम आपापल्या मुदतीपर्यंत काम करत राहतात. ‘फेल स्टँडअलोन’मध्ये स्विच साध्या इथरनेट स्विचसारखा वागायला लागतो. ओपन व्हीस्विच हा सॉफ्टवेअर स्विच काही सांगितलं नाही तर स्टँडअलोन धरतो, एकाच संगणकावर सरावाचं नेटवर्क उभारणारं मिनिनेट मात्र त्याला सिक्युअरवर ठेवतं. एवढं मान्य करतो, की प्रत्येक नव्या प्रवाहासाठी कंट्रोलरला विचारायचं आणि नियमांना दहा सेकंदांची निष्क्रिय-मुदत द्यायची अशी रचना असेल, तर कंट्रोलर गेल्यावर फेल सिक्युअरमधलं नेटवर्क खरंच गळत जातं. पण तो दोष त्या रचनेचा.

आता दुसरा. हा नियम निव्वळ चूक नाही, घातक आहे. त्याच स्पेसिफिकेशनच्या त्याच भागात लिहिलंय की पुन्हा जोडणी झाल्यावर आधीचे नियम टेबलात राहतात आणि हवं असल्यास कंट्रोलर ते सगळे पुसू शकतो. ‘पुसू शकतो’ याचं ‘पुसाच’ कुणी आणि कधी केलं, देव जाणे. पुसण्याने काय होतं ते पाहा. कंट्रोलरचं नवं व्हर्जन चढवायला तुम्ही तो अर्ध्या मिनिटासाठी खाली घेता. तेवढ्या वेळात सगळे स्विच आपापल्या टेबलावर ट्रॅफिक नीट वाहून नेत असतात, कुणाला पत्ताही लागत नाही. कंट्रोलर उठतो, सगळे स्विच जवळपास एकाच वेळी जोडले जातात आणि तुमचा कोड पहिलं काम करतो ते सगळ्यांची टेबलं रिकामी करण्याचं. बिघाड नसताना बिघाड झाला. वर, ‘नियम सापडला नाही तर कंट्रोलरला विचार’ हा नियम पुन्हा घातला की न जुळलेलं प्रत्येक पॅकेट पॅकेट-इन (कंट्रोलरला केलेली विचारणा) होऊन त्याच नुकत्या उठलेल्या कंट्रोलरवर आदळतं. त्या माऱ्यात एको रिप्लाय (‘जिवंत आहेस का?’ या विचारणेची उत्तरं) उशिरा पोचतात, कंट्रोलर स्विचला मृत ठरवतो, जोडणी तोडतो. स्विच पुन्हा जोडला जातो. टेबल पुन्हा पुसलं जातं.

यावरचा उपाय जुनाच आहे. स्विच जोडला गेला की मल्टिपार्ट विनंतीने त्याच्याकडचे नियम मागवा आणि आपल्याकडच्या हव्या असलेल्या यादीशी ताडून पाहा. कमी असतील तेवढे घाला, जास्तीचे तेवढेच काढा, बाकीच्यांना हात लावू नका. प्रत्येक नियमाला ६४ बिटांची कुकी, म्हणजे कंट्रोलरने दिलेली खूण, असते. आपला कोणता आणि परका कोणता हे तिच्यावरून कळतं. ओनॉस हा मुक्त-स्रोत कंट्रोलर हेच करतो. प्रत्येक नियम ‘घालायचा बाकी’, ‘घातला’, ‘काढायचा बाकी’ अशा अवस्थांतून जातो आणि स्विचने कळवलेल्या यादीशी वेळोवेळी ताडला जातो. हा कोड पुसण्याच्या एका ओळीपेक्षा मोठा होतो, हे खरं. कंट्रोलर लिहिण्यातलं खरं काम तेच आहे.

तिसरा नियम, टीसीपीचा. स्विचची वीज गेली तर ‘मी चाललो’ असं सांगायला तो उरत नाही. कंट्रोलरच्या बाजूला सॉकेट उघडंच दिसतं. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगला पाठवलेल्या डेटाची पोच मिळाली नाही तरी हार मानायला साधारण पंधरा मिनिटं जातात. एको रिक्वेस्ट त्यासाठीच आहे. जोडणी मेल्याचं असं उशिरा कळण्यातून एक बारीक घोटाळा होतो. ऱ्यू या पायथनमधल्या कंट्रोलर फ्रेमवर्कच्या ट्रॅफिक मॉनिटरच्या उदाहरणात जोडलेले स्विच डेटापाथ आयडीने (स्विचच्या ओळख-क्रमांकाने) एका डिक्शनरीत ठेवलेत आणि ‘डेड’ अवस्था आली की त्या आयडीची नोंद काढून टाकलीय. मेलेली जुनी जोडणी ओळखली जाण्याआधीच स्विच नव्याने जोडला गेला, तर आयडी आधीच नोंदलेला असल्याने नव्या, जिवंत जोडणीची नोंद होतच नाही, आणि जुन्या जोडणीची ‘डेड’ घटना मागाहून येऊन असलेली नोंदही पुसते. स्विच जोडलेला असतो, पण तुमच्या प्रोग्रामला तो दिसत नाही. नवी जोडणी आली की तिची नोंद जुनीच्या जागी ठेवा, आणि नोंद काढण्याआधी ती त्याच जोडणीची आहे का, एवढं तपासा.

आयडीवर डोळे झाकून विसंबणंही महागात पडतं. गूगलने डेटा सेंटरं जोडणाऱ्या आपल्या बी४ नेटवर्कवर २०१३ साली सिगकॉम या नेटवर्किंग परिषदेत मांडलेल्या पेपरात स्वतःच सांगितलंय की उपकरणं हलवताना दोन स्विचना चुकून एकच आयडी दिला गेला. लिंका सतत पडू-उठू लागल्या, कंट्रोल संदेशांच्या रांगा साचल्या, आणि शेवटी त्या साइटवरचं सगळं ट्रॅफिक हलवून, ट्रॅफिकच्या वाटा ठरवणारी यंत्रणा बंद करून कंट्रोलर नव्याने सुरू केल्यावर गाडी रुळावर आली.

चौथा: फ्लो-मॉडला यशाची पोच नसतेच, चूक झाली तरच एरर येते. म्हणून बॅरियर पाठवा. आधीचे संदेश हाताळून झाल्यावरच स्विचने त्याला उत्तर द्यायचं असतं. काही हार्डवेअर स्विच नियम चिपमध्ये उतरण्याआधीच बॅरियरला उत्तर देतात, हेही लक्षात ठेवा. पाचवा: दोन कंट्रोलर ‘इक्वल’ भूमिकेत राहिले तर दोघंही लिहितात आणि एकमेकांचे नियम मोडतात. मास्टर-स्लेव्ह भूमिका (मास्टर लिहिणार, स्लेव्ह फक्त वाचणार) आणि जुन्या मास्टरला अडवणारा जनरेशन आयडी ओपनफ्लो १.२ पासून आहे, तो वापरा. मास्टर कोण हे मात्र कंट्रोलरांना आपसात ठरवावं लागतं. स्विच ते ठरवत नाही.

आपला कोड टेबल पुसतोय का, हे लॅबमध्ये पिंगवरून कळत नाही. दोन होस्टांच्या मिनिनेटमध्ये एखाद्या पिंगला जरा जास्त वेळ लागतो, बस्स. त्यापेक्षा रिमोट कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू करा आणि ओपन व्हीस्विचच्या ओव्हीएस-ओएफसीटीएल कमांडने फ्लो डंप करा (टेबल छापून पाहा), ओपनफ्लोची आवृत्ती १.३ द्यायला विसरू नका. होस्टांमधल्या नियमांसमोरचा ‘ड्युरेशन’ आकडा वाढतच गेला असेल तर ठीक. तो शून्यापासून सुरू झालेला दिसला, तर कोडमध्ये पुसण्याची ती ओळ शोधा आणि काढा.