वास म्हणू नका

चार दिवस आमच्या कोथरूडच्या घरात कुठेतरी उंदीर मरून पडला होता. कपाटं सरकवली, माळा उपसला. 2009 सालचं विजेचं बिल सापडलं, उंदीर नाही. पाचव्या दिवशी बायको माहेरी, कसब्यात, निघून गेली. आणि वरचे काका आले.

काका निवृत्त आहेत, रसायनशास्त्र शिकवायचे. "सुकट भाजताय का हो?" आमच्याकडे अंडंसुद्धा चोरून येतं, पण अख्खा जिना चार दिवस हेच बोलत होता म्हणे!

उंदीर म्हटल्यावर काकांचा चेहरा खुलला. डोळे मिटून, मान तिरकी करून त्यांनी श्वास घेतला. सवाईत पहिल्या रांगेत बसून षड्ज ऐकावा तसा.

"वास म्हणू नका. पुट्रेसिन म्हणा."

"बरं. ते येतंय कुठून?"

"ऑर्निथिनपासून! प्रथिनं कुजली की जिवाणू अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात. उरतं ते हे. चार कार्बन, दोन्ही टोकांना अमाइन."

"मी विचारतोय, फ्रिजमागून की मोरीतून?"

"आणि कॅडॅव्हरिन त्याचा भाऊ. एक कार्बन जास्त, लायसिनपासून होतो. 1885 साली बर्लिनच्या ब्रीगरनं दोघांनाही उजेडात आणलं."

आमचा उंदीर मात्र अंधारातच होता.

"नाक कसलं दाबताय? पुट्रेसिन संत्र्याच्या रसातही असतं."

एवढा वेळ काकांच्या हातात टॉर्च होती. चांगली, लांब पल्ल्याची. ती एकदाही पेटली नाही. वाकणं तर दूरच. "आमच्याकडे उंदीर टिकत नाहीत, महिन्याच्या महिन्याला औषधाच्या वड्या ठेवतो," असं सांगून एक वाजता ते झोपायला गेले. सेक्रेटरींना फोन केला. उंदीर फ्लॅटच्या आत असेल तर सोसायटीचा संबंध नाही, म्हणाले. मेंटेनन्स मात्र एक तारखेला हवा.

शेवटी ड्रेनेजवाला आला. एक शब्द न बोलता त्यानं बाथरूमच्या फॉल्स सीलिंगची एक फळी काढली, हात घातला, पिशवीची गाठ मारली. पाच मिनिटं, तीनशे रुपये. मग वरच्या पाइपाच्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, वरनं आलाय. वडी खाऊन."

संध्याकाळी काकांकडे निम्मे पैसे मागितले. काका शांतपणे म्हणाले, "औषध माझं, कबूल. पण पुट्रेसिन तुमच्याकडे तयार झालं."