अलास्कातील मूस-शिकार: 'परवाना काढा आणि उतरा' या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत राहणाऱ्या हौशी शिकाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: अलास्कातील डोंगराळ सरकारी जमीन सर्वांची आहे, परवाना काढावा, छोट्या विमानाने दुर्गम भागात जावे, वरूनच मूस (पसरट शिंगांचे प्रचंड मोठे हरीण) हेरावा, उतरून मारावा आणि शिंगे घेऊन परत यावे, गाईड लागत नाही आणि हजारभर डॉलरांत सगळे भागते. यातले जवळपास प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे विधान घेऊन रानात जाणे हे साफ खोट्या विधानापेक्षा महागात पडते.

जमीन सर्वांची, हे पहिले विधान. 1971 च्या कायद्याने सुमारे 4 कोटी 40 लाख एकर जमीन मूलनिवासींच्या कंपन्यांना देण्यात आली. ती खासगी आहे आणि तिच्यावर कुंपण किंवा पाटी असेलच असे नाही. राष्ट्रीय उद्यानात बाहेरच्या माणसाला शिकार करता येत नाही, मात्र त्यालाच लागून असलेल्या 'नॅशनल प्रिझर्व्ह'मध्ये (शिकारीला मुभा असलेल्या संरक्षित क्षेत्रात) करता येते. डाल्टन महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, युकॉन नदीच्या उत्तरेस, पाच मैलांच्या पट्ट्यात बंदुकीने शिकार करण्यास मनाई आहे, पण धनुष्यबाण चालतो. राज्याचे 26 शिकार-विभाग आहेत आणि नियम विभागागणिक, कधी उपविभागागणिकही बदलतात.

'गाईड लागत नाही' हे विधान मराठी वाचकाने विशेष जपून वाचावे. अमेरिकेच्या नागरिकाला मूससाठी गाईड सक्तीचा नाही, हे खरे आहे. परंतु जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि अलास्काचा रहिवासीही नाही, अशा माणसाला कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी परवानाधारक गाईड सोबत ठेवावाच लागतो. टेक्सासात वीस वर्षे राहणारा ग्रीनकार्डधारकही याच वर्गात मोडतो. खर्चाचे गणितही इथेच कोसळते: बाहेरच्या राज्यातील नागरिकाला परवाना 160 आणि मूसचा टॅग (परवान्याखेरीज त्या जनावरासाठी घ्यावा लागणारा बिल्ला) 800 डॉलर, तर परदेशी नागरिकाला हेच आकडे 630 आणि 1000 डॉलर. गाईड आणि विमान यांचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

वरून हेरून लगेच मारणे तर सरळ गुन्हा आहे. छोट्या विमानाने उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत बार काढता येत नाही. शिवाय बाहेरच्या शिकाऱ्याला बहुतेक विभागांत नराच्या शिंगांचा पसारा किमान 50 इंच असावा लागतो, किंवा कपाळाजवळच्या फाट्यांची संख्या ठरलेली भरावी लागते. ती कुठे तीन, कुठे चार. मूसच्या दोन डोळ्यांमधले अंतर साधारण दहा इंच धरतात. म्हणजे दोन्ही बाजूंना शिंग त्याच्या दुप्पट बाहेर आलेले दिसले, तर पसारा 50 च्या आसपास आहे. जनावर उंच विलोच्या झुडपांत (आपल्या वाळुंजाचीच ही भावंडे) अर्धे बुडालेले असताना हे मोजायचे असते.

आता 'शिंगे घेऊन या' या भागाकडे वळू, कारण खरी योजना इथून सुरू होते. मोठा नर 700 किलोंपर्यंत भरतो आणि त्यातून सव्वादोनशे किलोंच्या आसपास खाण्याजोगे मांस निघते. चारही तंगड्या, मान, छाती, बरगड्या, पाठीच्या कण्यालगतचे बाहेरचे आणि आतले मांसाचे पट्टे हे सारे बाहेर काढणे कायद्याने बंधनकारक आहे. मांस टाकून देणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शकतो. काही विभागांत ते हाडासकटच आणावे लागते, आणि शिंगे मांसाच्या शेवटच्या खेपेच्या आधी जागेवरून हलवता येत नाहीत. हाडासह 300 किलो धरले आणि पाठीवर एका खेपेला 30 किलो घेतले, तर दहा खेपा होतात. धावपट्टी तीन किलोमीटरवर असेल तर दोघांपैकी प्रत्येकाला पाच वेळा ओझे घेऊन जावे आणि चार वेळा रिकामे परत यावे लागते, म्हणजे 27 किलोमीटर; तेही गुडघाभर दलदलीतून आणि घोट्याएवढ्या गवताच्या ढेकळांवरून, जिथे पाय कुठे पडेल हे पाय टाकल्यावरच कळते. तोवर मांस थंड राहिले पाहिजे, त्याला वारा लागला पाहिजे, माशा बसू नयेत म्हणून ते कापडी पिशव्यांत हवे, आणि अस्वल येईल हे गृहीत धरून ढीग तंबूपासून दूर, पण लांबून नजरेत राहील असा हवा.

'दुर्गम भागात जावे' या सल्ल्यातही एक उणीव आहे. विमान जितके लहान, तितकी जागा दुर्गम. पण सुपर कबसारखे विमान एक शिकारी आणि थोडे सामान एवढेच उचलते, त्यामुळे एका मूससाठी अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी हवामानाच्या हवाली असते. वैमानिकाने ठरवलेल्या दिवशी तो येईलच असे नाही, म्हणून अनेक दिवसांचा जादा शिधा आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र लागते.

मी नकाशा घेऊन बसतो तेव्हा प्रथम धावपट्टीवर टिंब देतो, तिच्याभोवती दीड किलोमीटरचे वर्तुळ काढतो आणि त्यातले ओढे व दलदली लाल रंगाने खोडतो. त्या वर्तुळाबाहेर 60 इंची नर उभा राहिला तरी मी दुर्बिणीतून त्याला फक्त पाहतो.