क्रिस्टल आले का?

रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्याला 'लग्न कधी?' असं कुणी विचारत नाही, 'क्रिस्टल आले का?' असं विचारतात. सर विचारतात, शेजारच्या लॅबमधला सीनियर विचारतो, हल्ली फोनवर आईसुद्धा विचारते. क्रिस्टल म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, पण ते आल्याशिवाय पोरगा गणपतीला घरी येत नाही एवढं तिला कळलंय.

माझं कॉम्प्लेक्स तांब्याचं: मधे धातू, भोवती त्याला धरणारा रेणू, म्हणजे लिगंड. लिगंड सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलीनडायअमाइनच्या घराण्यातला, दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन लावून धातूला चारही बाजूंनी धरणारा. धरलंय हे सिद्ध कसं करायचं? एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या अणूंचे सिग्नल वाचणारी तपासणी) घ्यावा, तर या तांब्याचा एक एकटा इलेक्ट्रॉन सगळे सिग्नल पार पसरवून टाकतो. मग कुठला अणू कुठे बसलाय ते दाखवणाऱ्या क्ष-किरणांना शरण जायचं. त्यांना एकसंध क्रिस्टल लागतो, मिलिमीटरच्या दशांशातला का होईना. १९१३ साली ब्रॅग बापलेकांतल्या धाकट्यानं, लॉरेन्सनं, क्ष-किरणांनी मिठाची रचना सोडवली. बरोबरच आहे, मीठ आयतंच क्रिस्टल होऊन येतं!

आमचं तसं नाही. मिथेनॉलमध्ये विरघळवा, झाकणाला भोक पाडा, बाटली ईथरच्या वाफेत ठेवा आणि विरजणासारखी तिला हात लावू नका. हात कोणी लावत नाही. त्याच टेबलावर थरथरणारा व्हॅक्यूम पंप मात्र लावतात. मग कधी पावडर खाली बसते, कधी तेलकट राप, कधी केसासारख्या सुया. सुया बघून सर म्हणतात, "सुंदर!" आणि मशीनवाला म्हणतो, "फेकून दे."

शेवटी क्रिस्टल आले ते धुवायला टाकलेल्या फ्लास्कच्या काचेवर. (प्रत्येक लॅबमध्ये असा एक फ्लास्क असतोच. तरी तो मुद्दाम न धुण्याची पद्धत अजून कुणी छापलेली नाही.) तेलात बुडवून एक उचलला, १०० केल्विनच्या नायट्रोजनच्या झोतात बसवला, बाकीचं मशीननं केलं. आर फॅक्टर (रचना मोजमापाशी किती जुळत नाही त्याचा आकडा, कमी तेवढा बरा) ४ टक्क्यांवर आला, पण तपासणीच्या प्रोग्रॅमनं 'ए अलर्ट', म्हणजे सगळ्यात गंभीर इशारा, दिला: विद्रावकाचा एक रेणू जागेवर धड बसत नव्हता.

रचनेत दोन रेणू समोरासमोर, एकाचं तांबं दुसऱ्याच्या ऑक्सिजनला धरून. सर खुर्चीतून उठले. "डायमर! आता चुंबकीय मोजमाप हवंच. नमुना याच क्रिस्टलचा पाहिजे हं, पावडर चालणार नाही. असे क्रिस्टल भरपूर लाव."