अकरा सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांआधीचं काय?
‘माय नेम इज खान’ या चित्रपटावरचा तुमचा लेख आवडला, पण ‘२००१ पूर्वी अमेरिकेतल्या भारतीयांना कुणी वाकडं बोललंही नव्हतं’ हे वाक्य साफ चुकीचं आहे. माझी ताई लग्न होऊन १९८५ साली अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीत गेली. तिथे १९८७च्या उन्हाळ्यात ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीचं पत्र स्थानिक पेपरात छापून आलं, भारतीयांना शहरातून हाकलून लावू म्हणून. डॉट म्हणजे आपली टिकली! त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला पोरांनी इतकं मारलं की तो वाचला नाही. तो पारशी होता. मारणाऱ्यांना तो कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ताई तेव्हापासून घराबाहेर पडताना टिकली काढून आरशाला चिकटवायची, परतली की लावायची. आई ताईच्या बाळंतपणाला तिकडे गेली तेव्हा तिच्या कपाळावर ठसठशीत पिंजर. ती पुसायला सांगायचा ताईला धीर झाला नाही, म्हणून आईला चार महिने एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानातही जाऊ दिलं नाही. आईला खरं कारण कधीच कळलं नाही.

म्हणूनच चित्रपटात नायिका मंदिरा हिच्या मुलाला खान आडनावापायी मारतात, तो प्रसंग मला बघवला नाही. लेखात त्यावर एकच ओळ आहे. त्या पोराचे वडील खान नव्हते, आडनाव आईच्या दुसऱ्या लग्नानंतर आलेलं. पण मारणारी पोरं हे कुठे विचारत बसतात? होबोकनमध्येही कुणी विचारलं नव्हतं.