कंबरेतल्या इंजेक्शनबद्दल, कळा सुरू होण्याआधी

"बाळंतपणात कंबरेत इंजेक्शन घेतलं, तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच." भूलतज्ज्ञ म्हणून हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. याच धास्तीनं कितीतरी बायका तासन्‌तास कळा सोसत राहतात.

सुईच्या जागी काही दिवस ठणकतं, हे खरं. पण पुढे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कंबरदुखीचं मूळ या इंजेक्शनात असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाचा भार, नंतर बाळाला वाकून उचलणं, पोक काढून पाजणं, यानं कंबर जाते. इंजेक्शन न घेतलेल्यांचीही जाते.

दुसरी भीती पाय लुळे पडण्याची. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली जाते. कायमची इजा अत्यंत दुर्मीळ. पण शून्य नाही, म्हणूनच रक्त पातळ करणारी औषधं, प्लेटलेट, कंबरेवरचा संसर्ग हे सगळं आधी बघतो.

हे इंजेक्शन दोन प्रकारचं. सिझरला बहुधा स्पायनल देतात. बारीक सुईनं मणक्यातल्या पाण्यात जेमतेम दोन मिली औषध, आणि पाच-दहा मिनिटांत कंबरेखालचं अंग बधिर. कळा कमी करण्यासाठीच्या एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून औषध थोडं थोडं सोडतात. बाई उशी पोटाशी कवटाळून, पाठीची कमान करून बसते. दोन कळांच्या मधल्या वेळात सुई हळूहळू पुढे जाते, सिरिंजचा दांडा अंगठ्याला अडत राहतो आणि एकदम सैल पडतो. जागा सापडली! वीसेक मिनिटांनी एकीनं विचारलं, "कळा थांबल्या का?" मॉनिटरच्या कागदावर तेव्हाच एक कळ चढत होती. थोड्या वेळानं तिला झोप लागली.

त्रासही सांगायलाच हवेत. बीपी उतरतं, थंडी वाजते, लघवी अडते, शेवटचा टप्पा थोडा लांबू शकतो. (सिझरची शक्यता मात्र एपिड्युरलनं वाढत नाही.) काहींना उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं, आडवं झालं की उतरतं. 1898 मध्ये स्पायनलचा प्रयोग स्वतःवर करून घेणाऱ्या जर्मन सर्जन ऑगस्ट बिअर यांनाही या डोकेदुखीनं कित्येक दिवस अंथरुणात पाडलं होतं. आता सुया खूप बारीक आहेत, त्रास बराच कमी झालाय, आणि झालाच तर उपाय आहेत.

माझा राग आहे तो हे सगळं ऐन कळांमध्ये समजावण्यावर. घामानं निथळणारी बाई काय ऐकणार, कशावर सही करणार? सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञाची भेट ठरवा. सोबत घरच्यांनाही न्या, कारण त्यांचीच भीती जास्त असते. ज्यांना इंजेक्शन नकोच, त्यांनी जरूर नको म्हणावं. पण ते त्यांनी स्वतः म्हणावं.

एकदा दारातच घरच्यांनी मला सांगितलं, "एवढं तर सगळ्याच सोसतात, नको ते इंजेक्शन." मी आत जाऊन तिलाच विचारलं. कॉटचा दांडा घट्ट धरून ती म्हणाली, "मॅडम, त्यांना विचारा ना परत एकदा."